रानातली प्रयोगशाळा आणि कुमारांच्या शिष्यवृत्त्या

शिष्यवृत्ती हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षा येते, गुणपत्रिका येते आणि फी माफ झाल्याचे एखादे पत्र येते. हुशार पण गरीब मुलाला पुस्तकापाशी बसता यावे म्हणून समाजाने दिलेला आधार म्हणजे शिष्यवृत्ती, अशी आपली समजूत आहे. आणि ती चुकीची नाही. मी मात्र ज्या शिष्यवृत्तीविषयी सांगणार आहे, ती मुलाला पुस्तकापाशी बसविण्यासाठी नसून पुस्तकापासून उठविण्यासाठी आहे. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी शास्त्रज्ञांबरोबर डोंगरावर, जंगलात, समुद्रकाठी किंवा बर्फावर जावे, तेथे चाललेल्या खऱ्या संशोधनात हाताने काम करावे, आणि त्याचा खर्च त्यांच्या घरावर पडू नये, असा तिचा हेतू असतो.

हा विषय कामगार-चळवळीतल्या माणसाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी अधिक झाले आहे. शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. पण शिकता शिकता काम करणारा आणि काम करता करता शिकणारा पोरगा आमच्या ओळखीचा आहे. कारखान्यात त्याला ‘उमेदवार’ म्हणतात. त्याच्या हक्कांसाठी आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि त्याला विद्यावेतन मिळाले पाहिजे हे तत्त्व मान्य झाले. रानात शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करणारा कुमार हाही उमेदवारच होय. तेव्हा त्याला कोण निवडतो, त्याचा खर्च कोण करतो आणि त्याला खरे काम मिळते की नाही, हे प्रश्न आमच्या धंद्यातलेच आहेत.

खर्च कोणी केला?

काही शास्त्रे भिंतींच्या आत वाढतात. तेथे तराजू, भट्ट्या, नळ्या असतात. परंतु हिमनदी प्रयोगशाळेत आणता येत नाही, आणि पक्ष्यांचे स्थलांतर टेबलावर मांडता येत नाही. तेथे माणसालाच जावे लागते आणि तेच माप पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ह्या कामाला बुद्धी लागते, तशीच पुष्कळ माणसे लागतात, आणि प्रवासाला पैसा लागतो. म्हणून ह्या शास्त्रांचा इतिहास वाचताना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: ह्याचा खर्च कोणी केला?

चार्ल्स डार्विन १८३१ साली ‘बीगल’ जहाजावर चढला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याला पगार नव्हता; पाच वर्षांचा खर्च त्याच्या वडिलांनी केला. ते सधन डॉक्टर होते, म्हणून हे शक्य झाले. आल्फ्रेड रसेल वॉलेसची गोष्ट निराळी. घरच्या ओढगस्तीमुळे त्याची शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटली. तो भावाच्या हाताखाली जमीन-मोजणीचे काम शिकला आणि कामगारांसाठी चालणाऱ्या संस्थांतून व्याख्याने ऐकत ऐकत शहाणा झाला. १८४८ मध्ये तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला, तो किडे-पक्षी जमवून विकायचे आणि त्यावर पोट भरायचे, ह्या करारावर. १८५२ मध्ये परतताना जहाजाला आग लागली आणि जवळचा बहुतेक संग्रह जळाला. तरीही तो पुन्हा निघाला, पूर्वेकडच्या बेटांत गेला, आणि निसर्गनिवडीचा सिद्धांत डार्विनप्रमाणेच त्यानेही स्वतंत्रपणे मांडला. १ जुलै १८५८ रोजी दोघांचे लेखन लंडनमध्ये एकत्र वाचले गेले. बुद्धी दोन्हीकडे होती; पण एकाला घरचा आधार होता, दुसऱ्याला नव्हता. वॉलेस तरला म्हणून आपल्याला त्याचे नाव ठाऊक आहे. त्याच्यासारखे जे तरले नाहीत, त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. शिष्यवृत्तीचा खरा विचार येथून सुरू होतो.

दोन बालवीर

कुमारवयातल्या मुलाला मुद्दाम निवडून मोहिमेवर नेण्याचे एक गाजलेले उदाहरण १९२१ सालचे आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या प्रवासांमुळे प्रसिद्धी पावलेल्या अर्नेस्ट शॅकल्टनने ‘क्वेस्ट’ जहाजावर बालवीर घेण्याचे ठरविले. सुमारे सतराशे बालवीरांनी अर्ज केले. त्यांतून स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा जेम्स मार आणि ऑर्कनी बेटांतला नॉर्मन मूनी असे दोघे निवडले गेले. मूनीला जहाज लागण्याचा त्रास इतका झाला की त्याला मदिरा बेटावरून परत पाठवावे लागले. अठरा वर्षांचा मार राहिला. त्याने कोळसा उपसला, स्वयंपाकघरात हात दिला, पडेल ते काम केले. ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जिया बेटापाशी शॅकल्टनचा मृत्यू झाला; तरी जहाज पुढे गेले आणि मारही पुढे गेला.

ह्या मुलाचे पुढे काय झाले? तो प्राणिशास्त्र शिकला आणि दक्षिण महासागरातील देवमाशांच्या अभ्यासासाठी ब्रिटनने चालविलेल्या ‘डिस्कव्हरी’ संशोधनात सामील झाला. तेथे क्रिल नावाच्या जीवाचा अभ्यास त्याने हाती घेतला. आपल्याकडच्या जवळ्यासारखा दिसणारा हा बोटभर प्राणी. पण प्रचंड निळा देवमासा त्याच्यावरच जगतो. ह्या क्रिलवरचा मारचा चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. कोळसा उपसणाऱ्या पोरापासून त्या ग्रंथापर्यंत चाळीस वर्षे गेली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. १९२८ मध्ये रिचर्ड बर्डच्या दक्षिण ध्रुवखंडाच्या मोहिमेसाठी पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा पॉल सायपल हा एकोणीस वर्षांचा बालवीर निवडला गेला. त्यालाही कुत्री सांभाळणे, मेलेल्या पेंग्विनांची कातडी काढून नमुने तयार करणे, अशीच कामे होती. पुढे हाच सायपल शास्त्रज्ञ झाला. वारा सुटला म्हणजे तीच थंडी अधिक का बोचते, ह्याचे माप त्याने चार्ल्स पॅसेल ह्या सहकाऱ्याबरोबर काढले. पद्धत साधी होती. पाण्याने भरलेली एक लहान नळी बाहेर टांगायची, आणि वाऱ्याचा वेग व हवेचे तापमान वेगवेगळे असताना ते पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे. थंड देशांच्या हवामानवृत्तांत वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा वेगळा आकडा देतात, त्याचा उगम येथे आहे. १९५७ साली, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर ज्या अठरा माणसांनी पहिला हिवाळा काढला, त्यांचा शास्त्रीय प्रमुख सायपल होता.

ह्या दोन उदाहरणांत एक चांगली गोष्ट आहे आणि एक उणीव आहे. चांगली गोष्ट ही की दोघांनाही शोभेचे बाहुले म्हणून नेले नव्हते. त्यांना खरे काम होते. उणीव ही की सतराशेंतून दोन आणि साऱ्या अमेरिकेतून एक, ही सोडत झाली, व्यवस्था नव्हे.

फी भरणाऱ्यांचे रान

व्यवस्था उभारण्याचा एक प्रयत्न १९३२ मध्ये इंग्लंडात झाला. कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या मोहिमेत गेलेला जॉर्ज मरे लेव्हिक हा आरमारी डॉक्टर. त्याने व त्याच्या पाच साथीदारांनी १९१२ चा ध्रुवीय हिवाळा बर्फात खणलेल्या गुहेत काढला होता. त्याने कुमारांना दुर्गम प्रदेशांत नेण्यासाठी संस्था काढली आणि पहिली तुकडी फिनलंडला नेली. संस्थेचे नाव होते ‘पब्लिक स्कूल्स एक्सप्लोरिंग सोसायटी’. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे, तर श्रीमंतांच्या मुलांची भारी फीची शाळा. नावातच दाराला कडी होती. पुढे संस्थेने हे नाव सोडले, दार मोठे केले, आणि आज ती ‘ब्रिटिश एक्सप्लोरिंग सोसायटी’ ह्या नावाने अडचणीतल्या घरांच्या तरुणांनाही नेते. नाव बदलणे एका ठरावाने होते. फी भरू न शकणारा मुलगा आत येण्यासाठी मात्र त्याच्या वाट्याचा पैसा कोणीतरी आधी गोळा करून ठेवावा लागतो.

हा पैसा गोळा करण्याची एक नवी रीत १९७१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे सुरू झालेल्या ‘अर्थवॉच’ संस्थेने रूढ केली. संशोधकाला पैसाही हवा असतो आणि हातही हवे असतात. तेव्हा सामान्य नागरिकांनी खर्चाचा वाटा उचलून स्वयंसेवक म्हणून संशोधकाबरोबर काम करावे, अशी ही योजना. उदाहरणार्थ, कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक जातीची महाकाय समुद्रकासवे रात्री अंडी घालायला येतात. त्यासाठी रात्रभर वाळूत गस्त घालायची, कासवाच्या पाठीची लांबी-रुंदी मोजायची, अंडी मोजायची आणि सारे वहीत टिपायचे. दोन-चार शास्त्रज्ञांनी सारा किनारा सांभाळणे कठीणच. वीस हात मिळाले की ते होते.

परंतु खर्चाचा वाटा उचलणारा स्वयंसेवक म्हणजे ऐपतदार माणूस, हे उघड आहे. कुमारांसाठी ही अडचण दात्यांच्या निधीतून दूर करण्यात आली. त्यांतला एक दाता मला विशेष वाटतो. लॉस एंजेलिसच्या स्टँटन ॲव्हरीने १९३५ मध्ये भावी पत्नी डोरोथी डर्फी हिच्याकडून शंभर डॉलर उसने घेऊन, मागे डिंक लावलेल्या, नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या लेबलांचे यंत्र उभारले. दुकानातल्या वस्तूवर किमतीची चिकटपट्टी असते, तीच ही. त्या धंद्यातून १९६० मध्ये डर्फी प्रतिष्ठान निघाले आणि प्रतिष्ठानाच्या पैशातून शाळकरी मुलांच्या तुकड्या अर्थवॉचच्या संशोधकांकडे जाऊ लागल्या. ह्या योजनेचा एक रोख लक्षात ठेवण्याजोगा होता: कला आणि साहित्य ह्यांत गती असलेल्या मुलांना मुद्दाम शास्त्राच्या रानात न्यायचे. शास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा तेथे वाट शोधत जाईलच. ज्याला आपण त्या वाटेचे आहोत हेच ठाऊक नाही, त्याला बोलवावे, असा तो विचार होता.

बर्फातली काठी

ह्याहून पुढचे पाऊल म्हणजे १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पर्वतांत सुरू झालेली ‘गर्ल्स ऑन आइस’ ही मोहीम. हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनी ती सुरू केली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची लहान तुकडी शास्त्रज्ञ आणि गिर्यारोहण-मार्गदर्शक स्त्रियांबरोबर सुमारे बारा दिवस डोंगरात आणि हिमनदीवर राहते. फी नाही. बूट, दोर, गरम कपडे नसतील तर उसने मिळतात. प्रवासखर्चालाही मदत होते. आधी डोंगर चढलेला असण्याची अट नाही. निवड करताना गुणांपेक्षा कुतूहल पाहतात.

हिमनदीवर मोजायचे ते काय? हिमनदी म्हणजे डोंगरउतारावरून अतिशय सावकाश सरकणारी बर्फाची रास. ती दरसाल किती वितळते हे पाहण्याची पद्धत आपल्या विहिरीतली पाण्याची पातळी पाहण्याइतकीच सरळ आहे. बर्फात खोल भोक पाडून त्यात लांब काठी रोवतात. बर्फ वितळला की काठी अधिक उघडी पडते. समजा, उन्हाळ्याच्या आरंभी काठी ४० सेंटिमीटर वर होती आणि अखेरीस १९० सेंटिमीटर दिसू लागली, तर १५० सेंटिमीटर जाडीचा बर्फ गेला. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, त्याच्या वजनाचे प्रमाण सुमारे नऊ-दशांश. म्हणून त्याचे पाणी झाले सुमारे १३५ सेंटिमीटर. अशा अनेक काठ्यांची मापे जुळवली की खालच्या नदीला किती पाणी मिळाले ह्याचा हिशेब लागतो. वॉशिंग्टन राज्यातीलच साउथ कॅस्केड हिमनदीचे असे मोजमाप १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, आणि तिची पीछेहाट त्या आकड्यांतून दिसते.

ह्या मोहिमेतल्या मुली नुसती मापे घेऊन थांबत नाहीत. आपला प्रश्न आपणच ठरवायचा, तो सुटेल असे मोजमाप योजायचे, आणि शेवटी लोकांपुढे उभे राहून निष्कर्ष सांगायचा, असा क्रम असतो. येथे एक फार मोठी गोष्ट घडते. काठी मोजणारी मुलगी कोणाची आहे हे त्या आकड्याला ठाऊक नसते. नीट मोजले असेल तर झाडूवाल्याच्या मुलीचा आकडा आणि प्राध्यापकाच्या मुलीचा आकडा एकाच रकान्यात, सारख्याच मोलाने लिहिला जातो. अशा जागा जगात फार नाहीत.

तीन आक्षेप

ह्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की पोरांच्या मापांवर भरवसा कसा ठेवावा? त्याचे उत्तर कामाच्या रचनेत आहे. एकाने मोजायचे, दुसऱ्याने आकडा मोठ्याने म्हणून लिहायचा. ठरावीक मापे दुसऱ्या जोडीने पुन्हा घ्यायची. दोन आकड्यांत किती फरक पडतो हेही नोंदवायचे. कारखान्यात मालाची तपासणी अशीच होते. चूक प्रौढही करतात. ती पकडण्याची सोय आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप माझ्याच पंथाचे लोक घेतात: ही फुकटची मजुरी नव्हे काय? मुलाला नुसते ओझे वाहायला लावले आणि आपण काय मोजतो व कशासाठी, हे सांगितले नाही, तर ती वेठबिगारच होय. त्याला कारण सांगितले, त्याच्या हाती मोजपट्टी दिली, त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले आणि त्याच्या कामाची नोंद त्याच्या नावाने ठेवली, तर ती उमेदवारी होय. नेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही कसोटी लावावी.

तिसरा आक्षेप, बारा दिवसांत शास्त्रज्ञ कोठे तयार होतो? होत नाही, आणि प्रत्येकाने व्हावे अशी गरजही नाही. आकडा कसा जन्मतो हे ज्याने एकदा पाहिले, तो पुढे कोणत्याही आकड्यापुढे मुकाट्याने मान तुकवीत नाही. सूतगिरणीतील कापसाच्या धुळीने कामगाराची छाती धरते, तिचा रोग होतो. हवेत धूळ किती आहे, हा वाद वाटाघाटींच्या टेबलावर येतो तेव्हा व्यवस्थापनाकडे आकडे असतात आणि आमच्याकडे खोकला असतो. धूळ कोठे मोजली, किती वाजता मोजली, यंत्रे चालू होती की बंद, असे विचारणारा एकजण आमच्या बाजूला बसला तर बोलणे बदलते. गावच्या नदीच्या पाण्याविषयी, धरणातल्या गाळाविषयी, गिरणीच्या धुराविषयी हेच खरे आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात कुमारवयातच शास्त्राकडे वळविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये विज्ञान-प्रज्ञा शोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती फक्त दिल्लीपुरती, दहा शिष्यवृत्त्यांची होती. १९६४ मध्ये ती देशभर, ३५० शिष्यवृत्त्यांची झाली. तीत लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही मागत असत, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. १९७६ नंतर योजनेचे रूप बदलून ती इतर विषयांनाही लागू झाली. १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’ ह्या दुसऱ्या सरकारी योजनेत विलीन झाली. ‘इन्स्पायर’मधून अकरावीच्या मुलांची विज्ञान-शिबिरे भरविली गेली, आणि त्यांसाठी दहावीत अगदी वरचे गुण मिळविणारे विद्यार्थी निवडण्याची पद्धत ठेवण्यात आली. ह्या योजनांनी चांगले विद्यार्थी घडविले, हे निःसंशय. पण त्यांचा कल परीक्षेकडून व्याख्यानाकडे राहिला, रानाकडे कमी.

उलट, दार उघडे ठेवल्याने काय होते ह्याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९०८ साली एक लहान मुलगा, त्याने मारलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना म्हणून, ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथले सचिव मिलार्ड ह्यांनी त्याला हुसकले नाही. पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली, पुस्तके दिली, नमुने राखण्याची कला शिकविण्याची सोय केली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांनी पुढे विद्यापीठाची मोठी पदवी घेतली नाही. पण भारतातील पक्ष्यांविषयीचे शास्त्र त्यांच्या पायांवर उभे राहिले.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या संघटनेतल्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी निसर्ग-अभ्यासाच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवडली गेली. शिबिराची फी माफ झाली होती. पत्राबरोबर सामानाची यादी आली: चांगले बूट, पावसाळी कोट, झोपायची पिशवी, डोक्याला बांधायची बॅटरी. शिवाय जाण्यायेण्याचे भाडे. आणि यादीत नसलेली एक रक्कम होती. ती मुलगी संध्याकाळी आईबरोबर विड्या वळायला बसे. दहा दिवस ती नसती तर घरात तितक्या विड्यांची मजुरी कमी आली असती. ती गेली नाही. शिबिराच्या वहीत मात्र ‘फी माफ करूनही अनुपस्थित’ एवढेच लिहिले गेले असणार.

म्हणून ज्या शिष्यवृत्तीत फक्त फी माफ होते, ती अर्धी शिष्यवृत्ती होय. पुरी शिष्यवृत्ती ती, जिच्यात भाडे, अन्न, निवारा, बूट-कपडे आणि अपघाताचा विमा येतो. मुलाच्या गैरहजेरीत घराची बुडणारी मजुरी भरून येते. मुलींबरोबर जबाबदार स्त्री असते. अर्ज मुलाच्या भाषेत भरता येतो. आणि परत आल्यावर वर्षभर कोणी शास्त्रज्ञ त्याच्या पत्राला उत्तर देतो. ही शेवटची बाब स्वस्त आहे, आणि बहुधा तीच राहून जाते.

ह्यासाठी दक्षिण ध्रुवाला जावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी राखतात. केरळातील शाळकरी मुले ‘सीझनवॉच’ उपक्रमात आपल्या परिसरातील एकच झाड आठवड्यागणिक पाहून पालवी, फूल, फळ ह्यांची नोंद करतात. ह्या कामाला वही आणि नेम ह्यांखेरीज काहीच लागत नाही. आपल्या गावात नदी आहे, विहिरी आहेत, टेकडी आहे, आणि महाविद्यालयात ही शास्त्रे शिकविणारे प्राध्यापक आहेत.

व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींपुढे माझी मागणी लहान आहे. युनियन, सहकारी पतपेढी, व्यापारी मंडळ आणि ही व्याख्यानमाला ह्यांनी मिळून दरवर्षी चार मुलांचा पुरा खर्च उचलावा. निवड गुणपत्रिकेवर करू नये. मुलाने स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर दोन पाने लिहून आणावीत, ती वाचून करावी. बुटांचे जोड संस्थेच्या मालकीचे असावेत, म्हणजे ते पुढच्या मुलांना होतील. आणि पुढच्या वसंतात, मोठ्या वक्त्यांच्या आधी, त्या चौघांना अर्धा तास द्यावा. त्यांनी काय मोजले आणि कसे मोजले ते सांगावे, आणि आपण त्यांना प्रश्न विचारावेत.